एक्स्टेन्शन ट्यूब: मॅक्रो लेन्स परवडत नसेल आणि ओट्यावर फोटो काढायचे असतील तर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स यांच्यामधे लावायच्या पोकळ रिंगा मिळतात ना, एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात त्यांना, छोट्या वस्तू जवळून मोठ्या दिसाव्यात (म्हणजे मॅक्रो) म्हणून लावतात, त्या बिनधास्त घ्या. फक्त फुलपाखरांच्या मागे पळायला म्हणून घेणार असाल तर नको. घरात, ओट्यावर, खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांत, एका जागी गप बसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायचे असतील तर ह्या पैशात ह्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि हे मी बॉक्स उघडल्या उघडल्या नाही, चांगलं वापरून म्हणतेय.

माझा सेट अगदी बिनब्रँडचा, धातूचा, पाचशेच्या आत ऑनलाइन आलेला. तीन रिंगा, ७, १४ आणि २८ मिमीच्या, आटे फिरवून एकमेकींत बसतात, आणि दोन टोकांना दोन माउंट (अडकवायच्या चकत्या), एक बॉडीकडचा, एक लेन्सकडचा. बास, संपलं. आत काच नाही, मोटर नाही, काही नाही, आरपार हात घातला तर बोटं पलीकडे निघतात. फोर्टला बोरा बाजार आणि डी. एन. रोडच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत तिथेही विचारून बघा, दुकानातून घेण्याचा फायदा असा की स्वतःची बॉडी घेऊन जायची आणि लावून, हलवून बघायचं, कारण स्वस्त सेटमध्ये माउंट ढिला निघण्याची शक्यता असते. माझा पहिला सेट तसाच निघाला होता, लेन्स खडखड हलायची, विक्रेत्याने बदलून द्यायला फार तंगवलं, नाव घेत नाही, पण सांगायचा मुद्दा हा की रिटर्न पॉलिसी वाचूनच ऑर्डर टाका.

काम कसं करते ते सोपं आहे. लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागापासून) लांब गेली की तिला जवळच्या गोष्टीवर फोकस करता येतं आणि वस्तू मोठी दिसते. किती मोठी, तर रिंगेची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा). ५० मिमीच्या लेन्सला २८ ची रिंग लावली की अर्ध्याहून थोडं जास्त, तिन्ही मिळून ४९ मिमी लावल्या की जवळजवळ एकास एक, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते. एपीएस-सी, म्हणजे बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत असतो तो सेन्सर साधारण २२ मिमी रुंद, त्यामुळे वालाचा एक दाणा आख्खी अर्धी फ्रेम खातो. कंपनीच्या १०० मिमी मॅक्रो लेन्सने हेच होतं, ती अर्थातच शंभर पटीने बरी आहे, पण किंमतही जवळपास त्याच हिशोबाने आहे.

आता फुलपाखरांना का नको. एक तर ट्यूब लावली की लांबचं काही फोकस होत नाही, म्हणजे होतच नाही, समोरच्या बिल्डिंगचा नुसता धूर दिसतो. शिवडीला फ्लेमिंगो बघायला जाताना ही घरीच ठेवा. आणि दुसरं म्हणजे पन्नासच्या लेन्सला तिन्ही रिंगा असताना वस्तू लेन्सच्या काचेपासून चारेक बोटांवर लागते, चार बोटांवर तुम्हाला कोण फुलपाखरू येऊ देणारे? ठाण्याला ओवळेकर वाडीत किंवा आपल्या माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात (कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं ३७ एकरांचं रान आहे ते, १९९४ पासून सुरू, धारावीच्या इतक्या जवळ असूनही अर्ध्या मुंबईला माहीत नाही) मी सरळ ५५-२५० मिमीची टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावते. हां, एक मधला मार्ग आहे, इलेक्ट्रिक कनेक्शनवाली ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क चालू ठेवणारी, घेऊन ती टेली लेन्सला लावायची, मग थोडं लांबूनही चतुर, फुलपाखरं बऱ्यापैकी मोठी मिळतात आणि ऑटोफोकस, स्टॅबिलायझर दोन्ही चालू राहतं. ती महाग असते, पण तरीही मॅक्रो लेन्सच्या मानाने काहीच नाही. माझी बिनकनेक्शनची आहे, त्यामुळे ते सुख नाही.

मुळात मी घेतली ती किड्यांसाठीच, खरा उपयोग मात्र स्वयंपाकघरात झाला, आणि म्हणूनच हा रिव्ह्यू लिहायला बसले.

आमचं घर सीकेपी, म्हणजे वालाचं बिरडं, कानवले, सोडे, शेवळं ही सगळी यादी आलीच. चुलतबहीण बंगलोरला असते, ती दर थोड्या दिवसांनी आईला फोन करून रेसिपी विचारते आणि आईचं उत्तर ठरलेलं, "अगं दिसेल तुला." मोड किती यायला हवेत? दिसेल तुला. पाक कधी झाला म्हणायचा? कळतं गं ते. कानवल्याचा साटा (तूप-पिठाचा लेप) किती फेटू? हलका होईपर्यंत. प्रमाण लिहून देता येतं, वाटी-चमचे सांगता येतात, पण हे जे दिसायचं असतं ते वहीत कसं लिहिणार, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत कढई दिसते, ओटा दिसतो, मागचा मिक्सर दिसतो, नेमकं जे बघायचंय ते सोडून सगळं दिसतं. फोनमधल्या त्या दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

तर वाल. कडवे वाल रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, मग गरम पाण्यात घालून सोलायचे. ट्यूब लावून बघितल्यावर सालाला बारीक सुरकुत्या दिसतात, जिथून मोड फुटलाय तिथे साल उचकटलेलं असतं, आणि जो दाणा सोलायला तयार असतो त्याचं साल आतल्या डाळिंबीपासून सुटून मधे पाण्याची एक पातळ फट झालेली असते, उजेड त्या फटीतून आरपार येतो. न झालेल्या दाण्याचं साल घट्ट, सपाट. मी तिघांचा एक फोटो काढला, कच्चा, तयार आणि जास्त मोड येऊन आखडलेला, शेजारी शेजारी. बहिणीचा रिप्लाय आला की आत्ता कळलं माझ्या डाळिंब्यांचे दर वेळी तुकडे का होतात. आईने फोटो बघून पहिलं काय म्हणावं, "शी, इतके भयंकर दिसतात माझे वाल?" मग चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली हा मधला बरोबर आहे, डावीकडचा अजून दोन तास ठेवायला हवा होता.

खाजाच्या कानवल्यांचा फोटो मात्र खास ह्याच वस्तूसाठी केल्यासारखा येतो. पोळ्यांना साटा लावून एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, कापायची, ती कापलेली बाजू बघा. नुसत्या डोळ्यांना गोल गोल रेषा दिसतात. २८ च्या रिंगेने पिठाचा एक पदर, तुपाचा एक पदर, परत पिठाचा, असं मोजता येतं, आणि जिथे साटा कमी लागलाय तिथे दोन पदर एकमेकांना चिकटून गेलेत तेही स्वच्छ कळतं. तळल्यावर त्याच जागी पापुद्रे सुटत नाहीत. हे आईला माहीत होतंच, हाताला कळतं म्हणते, पण मला पहिल्यांदाच दिसलं. साट्याची परीक्षा म्हणजे चिमूटभर पाण्यात टाकायचा, तरंगला तर झाला. तोही फोटो आहे, वाटीतल्या पाण्यावर तरंगणारा साटा, त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे दिसतात, म्हणून तर तरंगतो.

एकतारी पाकाने मात्र घाम काढला. आईने अंगठा आणि पहिलं बोट लांब केलं की तार दिसते, ती दोन-तीन सेकंदांत तुटते, आणि एवढ्या जवळून शार्प काय दिसणार तर फार तर अर्धा-पाऊण मिलिमीटर, तेही लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ८ इतकं बारीक ठेवून. म्हणजे तार शार्प आली तर बोट नाही, बोट आलं तर तार नाही. शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर, आईचा हात पोळपाटावर टेकवलेला, आणि मी पोळपाटच इंचा इंचाने पुढे मागे सरकवतेय, असा प्रकार. फोकस रिंग फिरवत बसू नका, एकदा सेट केली की हात लावायचा नाही, एक तर स्वतः पुढे मागे झुका नाहीतर वस्तू सरकवा, मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू दहापट झूम करून बघा. बाजारात ह्यासाठी फोकसिंग रेल मिळते, पोळपाट फुकट आहे. आलेल्या फोटोत तार अगदी काचेसारखी आलीय आणि आईच्या नखाच्या कडेला सकाळची हळद दिसते. तिला ती पुसून परत काढायचा होता, मी नाही म्हटलं.

स्वयंपाकघरातल्यांसाठी एक कडक सूचना: कढईवर लेन्स धरू नका. चार बोटांवर वाफ म्हणजे काच लगेच धुकट, आणि फोडणी उडाली तर काय होईल ते सांगायला नको. जे काढायचंय ते चमच्यात, वाटीत घेऊन खिडकीपाशी या. आपल्याकडे खिडकी म्हणजे ग्रिल, आणि ऊन आलं की पदार्थावर ग्रिलच्या सावल्यांचे पट्टे पडतात, तर खिडकीला बटर पेपर नाहीतर ट्रेसिंग पेपर चिकटवा, एकदम मऊ उजेड येतो. पावसाळ्यात तेही लागत नाही, आख्खं आभाळच बटर पेपर झालेलं असतं. उजेड भरपूर लागतो हे लक्षात ठेवा, एकास एक ला साधारण दोन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. बॉडीवरचा पॉपअप फ्लॅश उडवलात तर लेन्सचीच सावली वस्तूवर पडते, त्याच्या नादी लागू नका.

आता ज्याच्यासाठी लोक ह्या स्वस्त ट्यूबला एक स्टार देतात ते सांगते. हिच्यात इलेक्ट्रिक कनेक्शन नाही, म्हणजे लेन्सला कॅमेऱ्याचं काही ऐकूच येत नाही. ऑटोफोकस गेला, तो गेला तर गेला, मॅक्रोत तसाही कोण वापरतो. पण अ‍ॅपर्चरही गेलं. कॅननची ईएफ लेन्स असेल तर ती सताड उघडी राहते आणि मग शार्प भाग केसाएवढाच मिळतो. ह्याला जुगाड आहे: आधी ट्यूबशिवाय लेन्स लावा, एफ ८ किंवा एफ ११ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (फोटोआधीच लेन्स तेवढी मिटवून दाखवणारं) दाबून धरा आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढा. लेन्समधली पाती तेवढीच मिटलेली राहतात. मग ट्यूब लावा. स्वस्तातल्या काही बॉड्यांना वेगळं बटण नसतं, मेनूत जाऊन सेट बटणाला ते काम द्यावं लागतं. निकॉनवाल्यांचं उलटं, अ‍ॅपर्चर रिंग नसलेली 'जी' (G) प्रकारची लेन्स बॉडीपासून सुटली की पार मिटून बसते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, म्हणून त्यांनी रिंगवाली जुनी 'डी' (D) किंवा त्याहून जुनी मॅन्युअल लेन्स शोधावी. फोर्टात सेकंडहँडमध्ये जुन्या पन्नास मिमी लेन्स मिळतात, घेण्याआधी टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा, मुंबईच्या दमट हवेत ती असतेच असं धरून चला आणि नसेल तर खूश व्हा.

दुसरी खोड म्हणजे आतली बाजू चकचकीत असते, त्यामुळे समोरून उजेड आला की फोटोवर पांढरट थर आल्यासारखं होतं. आतून काळा मखमली कागद चिकटवला, प्रश्न मिटला. आणि आट्यांमधून नव्या नव्या धातूची बारीक पूड निघते ती सेन्सरवर जाऊ शकते, म्हणून पहिल्यांदा ब्लोअर मारून, ओल्या कपड्याने पुसून, वाळवून मगच बॉडीला लावा.

बाहेर नाही पण बाल्कनीत मात्र मजा आहे. आईच्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे मादी बरोब्बर शोधत चौथ्या मजल्यापर्यंत येते आणि कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवून जाते. अळी लहान असताना थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून लाल रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, उग्र वास येतो. ट्यूबला हे गिऱ्हाईक एकदम योग्य, कारण अळी पळत नाही, खात असते, आणि खाताना तिचे जबडे आपल्यासारखे वरखाली नाही तर डावी-उजवीकडून कात्रीसारखे चालतात, पानाची कड कशी अर्धगोल कापली जाते ते व्हिडिओत अप्रतिम येतं. वारा असेल तर फांदीला कपड्यांचा चिमटा लावून ग्रिलला अडकवा. आईचं म्हणणं, "तुझे फोटो झाले असतील तर माझा कढीपत्ता मोकळा कर, मला फोडणीला पानं नाहीत." सध्या तह असा आहे की एक कुंडी अळ्यांची, एक आमटीची.

ज्यांना हे सगळं लफडं नको त्यांच्यासाठी पर्याय थोडक्यात. लेन्सवर चढवायच्या क्लोजअप फिल्टरने उजेड कमी होत नाही, पण स्वस्तातल्या फिल्टरची काच बंडल असते, कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येतात, वालाच्या सालावर तर फारच. रिव्हर्स रिंग म्हणजे लेन्स उलटी लावायची, त्याहूनही स्वस्त आणि किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५) जबरदस्त मोठं दिसतं, पण लेन्सची मागची नाजूक बाजू ओट्याकडे उघडी, मला हिंमत नाही झाली. आणि ट्यूब किट लेन्सला लावणार असाल तर ५५ च्या टोकाला लावा, १८ ला २८ ची रिंग लावली तर वस्तू जवळजवळ लेन्सच्या आतच ठेवावी लागेल.

प्रिंट काढायला जाल तेव्हा स्टुडिओवाल्याला "नो करेक्शन" असं निक्षून सांगा. आमच्या इथल्या एकाने मशीनचं ऑटो करेक्शन चालू ठेवलं आणि सगळे वाल लग्नाच्या अल्बमसारखे गोरे करून दिले. दुसऱ्यांदा सांगून नीट मिळाले. मी ४ बाय ६ च्या प्रिंट जाड कागदाच्या वहीत चिकटवते, बाजूला आई सांगेल ते शाईने लिहिते, तेलाचा हात लागला तरी पुसता यावं म्हणून फक्त फोटोंच्या पानांना प्लास्टिकचं कव्हर. एक प्रत बंगलोरला, एक आत्याकडे दादरला.

सध्या वहीत शेवळांचं पान अर्धवट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून एकदम वर येणारा हा कोंब, सुरणाचाच भाऊबंद, आणि आपण भाजीला खातो तो पानाचा कोंब नाही, न उमललेला फुलोरा असतो. बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडं देतात, ती आंबट-तुरट फळं घातल्याशिवाय भाजी करायची नाही, घसा खाजतो. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे, ते ट्यूबने दिसत नाहीत, त्याला मायक्रोस्कोपच पाहिजे, माझं बघून झालंय. पण वरचं आवरण सोडवलं की आतला दांडा आणि त्यावरचा पिवळा दाणेदार भाग, जो आई साफ करताना कटाक्षाने काढून टाकते, तो ह्या रिंगेने असा दिसतो की वाटतं हे टाकायचं कसं. एकेक दाणा म्हणजे एकेक फूल. किती काढायचं आणि किती ठेवायचं हेच नव्याने करणाऱ्याला कळत नाही, आणि तोच फोटो मला नीट हवाय, दोन्ही भाग एकत्र शार्प, त्यासाठी फोकस सरकवत पाच-सहा फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडायचे म्हणतेय.

शेवळं मिळतात थोडे आठवडेच, मेअखेर ते जूनमधे, एकदा पाऊस नीट लागला की संपली. तेव्हा ट्यूब ऑनलाइन मागवणार असाल तर मेच्या सुरुवातीलाच मागवा, म्हणजे चुकीचा माउंट आला तरी बदलून घ्यायला वेळ राहील. कॅननमध्ये ईएफ आणि आरएफचे माउंट वेगळे, निकॉनमध्ये एफ आणि झेडचे वेगळे, ऑर्डर टाकताना बॉडीचं मॉडेल बघून टाका. पाचपैकी चार, एक स्टार त्या अ‍ॅपर्चरच्या भानगडीसाठी कापला.